चिनी म्हणजे नेमकी कुठली?

मुंबईत माझगावला एक चिनी देऊळ आहे, ‘सी यप’ नावाचे. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या चार परगण्यांना मिळून सी यप म्हणतात. तिकडून मुंबईत येऊन राहिलेल्या कुटुंबांची बोली कॅन्टोनीजच्या गोतातली. दुसरीकडे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, उत्तरेकडच्या हपै प्रांतात रुग्णसेवा करताना तिथली भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. या दोन्ही भाषांना मराठीत आपण ‘चिनी’च म्हणतो. पण माझगावच्या जुन्या चिनी भाविकाची बोली हपैतल्या शेतकऱ्याला कळली नसती.

चिनी हे एका भाषाकुळाचे नाव आहे. मॅन्डरिन ही त्यातली सर्वांत मोठी शाखा. शांघायकडची वू, ग्वांगडोंगची यूए म्हणजेच कॅन्टोनीज, फूच्येन आणि तैवानमधली मिन, शिवाय हक्का, श्यांग या तिच्या बहिणी. ‘तो नाही’ यातला ‘तो’ बीजिंगला ‘था’, तर हाँगकाँगला ‘खोय’. नकारासाठी इकडे ‘पू’, तिकडे नुसता ओठ मिटून काढलेला ‘म्’. मॅन्डरिनमध्ये चार सूर, कॅन्टोनीजमध्ये सहा. मराठी आणि बंगालीइतके अंतर सहज भरेल.

मग सगळ्यांना एकच भाषा का समजले जाते? लिपीमुळे. इथे जरा थांबायला हवे. चित्राक्षरे उच्चाराला बांधलेली नसल्यामुळे हाँगकाँगचे मूल धडा आपल्या उच्चारांनी वाचते. पण धड्यातले वाक्य बेतलेले असते मॅन्डरिनच्या व्याकरणावर. घरी बोलतो एक आणि वहीत लिहितो दुसरेच, हे त्या मुलाच्या अंगवळणी पडते. एक लिपी म्हणून एक भाषा, हा समज या मुलावर अन्याय करणारा आहे असे मला वाटते.

मॅन्डरिन हे नाव चीनमधले नाहीच. आपला ‘मंत्री’ मलय भाषेत ‘मंतेरी’ झाला, पोर्तुगीजांनी त्याचे ‘मांदारिं’ केले आणि चिनी सरकारी अधिकाऱ्यांना ते लावले. त्या अधिकाऱ्यांची भाषा ती मॅन्डरिन. मात्तेओ रिची आणि मिकेले रुज्जेरी हे जेझुइट धर्मप्रसारक १५७८ मध्ये गोव्यात उतरले, पुढे मकाऊला गेले आणि दोघांच्या नावे पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे एक हस्तलिखित आहे. त्यांनी शिकलेल्या भाषेला चिनी लोक ‘क्वानह्वा’, म्हणजे दरबारी बोली म्हणत. तिचा ओढा तेव्हा बीजिंगपेक्षा नानजिंगच्या उच्चारांकडे होता. ती सगळ्या अधिकाऱ्यांना नीट येतही नसे. १७२८ मध्ये युंगचंग बादशहाने फूच्येन आणि ग्वांगडोंगच्या लोकांचे उच्चार सुधारण्याचा हुकूम काढला तो त्यामुळेच.

बादशाही गेल्यावर १९१३ मध्ये देशभरचे विद्वान एक उच्चार ठरवायला बीजिंगला जमले. भांडणे झाली, मते मोजली गेली आणि तडजोडीतून असे उच्चार निघाले की ते कोणाच्याच मायबोलीचे नव्हते. अखेर १९३२ मध्ये बीजिंगचा उच्चार प्रमाण ठरला. कम्युनिस्ट राजवटीने १९५६ साली याच प्रमाणभाषेची ‘फूथुंगह्वा’, म्हणजे सर्वसामान्यांची बोली, या नावाने व्याख्या केली. तैवानमध्ये तीच ‘क्वोयू’, सिंगापुरात ‘ह्वायू’.

म्हणजे मॅन्डरिन म्हणतानाही जपून बोलावे लागते. चिनी नेते तंग श्याओफिंग यांची सिचुआनी बोली मॅन्डरिन शाखेतली, पण फूथुंगह्वा नव्हे. माओंची मायबोली श्यांग तर या शाखेतच बसत नाही.

नावांचा हा घोळ कायद्यातही उतरतो. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात ‘चिनी भाषा’ एवढेच आहे. कुठली, ते लिहिलेले नाही. न्यायालयात आणि विधिमंडळात कॅन्टोनीज चालते ती याच मोकळ्या जागेवर. सिंगापूरने उलट वाट धरली. १९७९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मॅन्डरिन बोला’ मोहीम सुरू केली, काही वर्षांत रेडिओ-टीव्हीवरून होक्कियन (मिन शाखेतली बोली), कॅन्टोनीज कार्यक्रम हटले. कित्येक घरांत आजी-आजोबांची भाषा नातवंडांना समजेनाशी झाली. याला भाषेचे एकीकरण म्हणताना माझी जीभ अडखळते. तैवानमध्येही दीर्घकाळ शाळेत घरची बोली बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. तिथे २०१९ पासून स्थानिक भाषांना कायद्याने राष्ट्रीय भाषेचा दर्जा आहे आणि तैपैच्या मेट्रोत स्थानकांची नावे मॅन्डरिनबरोबर होक्कियन आणि हक्का भाषांतही पुकारली जातात.