बेकाराचे गाणे आणि बॅण्डचा दणका

ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेचा लाडका रॉक गायक. न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड गावी कष्टकरी घरात वाढला. बापाने कधी गालिच्यांच्या गिरणीत काम केले, कधी बस चालवली. ई स्ट्रीट बॅण्ड घेऊन त्याने रान उठवले. १९८० चा ‘द रिव्हर’ विक्रीत पहिला आला. पुढचा अल्बमही तसाच दणदणीत निघणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

निघाली ती एक कॅसेट. १९८२ च्या सुरुवातीला भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर त्याने एकट्याने गाणी भरली. खरे तर बॅण्डला चाली कळाव्यात म्हणून केलेला तो कच्चा खर्डा! नंतर स्टुडिओत पूर्ण बॅण्डसह तीच गाणी वाजवून पाहिली. सूर भरले, पण गाण्यातला माणूस हरवला. शेवटी ३० सप्टेंबर १९८२ रोजी त्या कॅसेटवरचीच गाणी ‘नेब्रास्का’ नावाने बाजारात आली.

कोण आहे हा माणूस? ‘जॉनी ९९’ मधला कामगार पाहा. मोटारींचा कारखाना बंद पडतो, घर गहाण, दारूच्या नशेत हातून खून होतो. न्यायाधीश ९९ वर्षांची शिक्षा ठोठावतो. त्यापेक्षा मला मारूनच टाका, असे तो म्हणतो. गायक खुनाची वकिली करीत नाही. पण माणूस तिथवर पोचला कसा, हा न्यायालयाने न विचारलेला प्रश्न तो विचारतो. गाण्यातला माहवाचा कारखाना खराच होता. फोर्ड कंपनीने तो १९८० मध्ये बंद केला. १९८२ अखेर, रेगन यांच्या राजवटीत, अमेरिकेतली बेकारी १० टक्क्यांवर गेली होती. अशा माणसामागे बॅण्ड गर्जू लागला की तो नायक वाटतो, टाळ्या पडतात. नुसती गिटार आणि माउथ ऑर्गन राहिला की तो जसा होता तसा, एकटा दिसतो.

त्याच घरात भरलेले एक गाणे मात्र तेव्हा बाजूला राहिले: ‘बॉर्न इन द यूएसए’. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या सैनिकाचे ते गाऱ्हाणे. १९८४ साली ते बॅण्डच्या दणक्यात आले, आणि गाऱ्हाण्याचा जयघोष झाला! अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. निवडणुकीचे दिवस होते. १९ सप्टेंबरला हॅमंटनच्या सभेत रेगन यांना स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश सापडला. बेकारांचा गायक सत्ताधाऱ्यांनी असा फुकटात पळवला.

दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावरून त्याने विचारले, अध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल बरे? ‘नेब्रास्का’ काही नसावा. आणि त्याने ‘जॉनी ९९’ सुरू केले.