भुजादंडाला पोलाद कोणते?

वर्ध्याचे मगन संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या संग्रहालयात चरखे आहेत. चरख्याचे चाक ज्या दांड्याने आपण फिरवतो, ती एक भुजाच होय. हाताच्या जागी दट्ट्या आला की तिचा झाला एंजिनाचा भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट. विज्ञान प्रदर्शनासाठी लहानसे एंजिन करू पाहणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, याला पोलाद कोणते घ्यावे?"

आधी भार किती येतो ते पाहू. सिलिंडरचा व्यास २० मि.मी. धरला तर दट्ट्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौ. सें.मी. होते. वाफेच्या मॉडेलमध्ये दर चौ. सें.मी.ला ३ किलोग्रॅम दाब असला, तर दट्ट्यावर साडेनऊ किलोग्रॅमच्या आसपास भार येतो. एवढ्याला साधे सौम्य पोलाद पुरते. पण पेट्रोलच्या एंजिनात स्फोटाच्या क्षणी हा दाब ३० पर्यंत गेला, तर भार ९४ किलोग्रॅम होतो. म्हणजे बोटाएवढ्या दांड्यावर जवळजवळ क्विंटलभर कापूस!

तोही एकदाच नव्हे. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चार धावांच्या एंजिनात मिनिटाला १५०० स्फोट होतात. अकरा तासांत दहा लाख धक्के झाले. एका धक्क्याने जे पोलाद मुळीच तुटत नाही, ते लाखो धक्क्यांनी तडकते. याला धातूचा शिणवटा म्हणतात. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की, ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर पोलाद कितीही फेरे सहन करते. गुळगुळीत नमुन्यासाठी ही मर्यादा तुटण्याच्या ताणाच्या साधारण निम्मी असते. काटकोनी खाच मात्र तिथल्या तिथे ताण अनेक पटींनी वाढवते. म्हणून दांडा आणि भुजा जेथे मिळतात तो कोपरा गोलसर ठेवून घासून चकचकीत करावा. माझ्या मते महाग पोलादापेक्षा याचाच उपयोग अधिक.

आता एक गंमत. चरख्याची चाती मऊ पोलादाची असो की कडक, तेवढ्याच भाराने ती तेवढीच वाकते! कारण सर्व पोलादांचा यंगचा गुणांक जवळजवळ सारखाच, म्हणजे दर चौ. मि.मी.ला सुमारे २ लाख न्यूटन असतो. फरक पडतो तो भार काढल्यावर. कडक चाती सरळ होते, मऊ चाती वाकलेलीच राहते. तेव्हा भुजादंड वाकून थरथरत असेल, तर भारी पोलाद आणून काही साधणार नाही. व्यास वाढवा. ६ मि.मी.चा दांडा ७ मि.मी.चा केला की वाकण्याला विरोध ८५ टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो.

लहान पेट्रोल एंजिनाला '४० सी ८' हे पोलाद चांगले. बाजारात ते 'ईएन ८' या जुन्या इंग्रजी नावानेच मागावे लागते. ४० म्हणजे सरासरी ०.४० टक्के कार्बन, ८ म्हणजे ०.८ टक्के मँगॅनीज. ते लेथवर नीट कातले जाते आणि सौम्य पोलादाहून बरेच बळकट असते. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले 'ईएन २४' त्याहून बळकट खरे, पण शाळेच्या लेथवर ते कातताना हत्यारे लवकर बोथटतात.

थंड ओढून काढलेला चकचकीत गज घेताना जपावे. ओढताना त्यात ताण कोंडलेला राहतो. भुजेसाठी एका बाजूचा धातू काढला की हा तोल बिघडतो आणि दांडा आपोआप वाकतो. त्यापेक्षा काळा, गरम लाटलेला गज बरा.

भंगारातून गज आणायचा असेल, तर बांधकामाची टीएमटी सळई नको. तिचे बाहेरचे कवच कडक आणि गाभा मऊ असतो. कातताना कवचच निघून जाते. अनोळखी तुकडा डोळ्यांना चष्मा लावून ग्राइंडरवर धरून पाहावा. सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब सरळ रेषांत उडतात. कार्बन जसा वाढेल तसे त्यांना अधिकाधिक फाटे फुटतात. शेजारी ओळखीच्या पोलादाचा तुकडा धरला, तर फरक चटकन दिसतो.