लिनक्स बाहेरच्या डिस्कवर : आतला हिशेब सुरक्षित ठेवून

अमळनेर आणि संगणक यांचे नाते जुने आहे. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी येथे वनस्पती तेलाचा कारखाना काढला. तीच विप्रो पुढे संगणकाच्या धंद्यात उतरली. आज लहान दुकानदाराचीही उधारी संगणकावर असते. परंतु विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही.

अशा संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली चांगली चालते. तीत मराठी व उर्दू दोन्ही लिहिता येते. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. म्हणून विंडोज पुसू नये. लिनक्स बाहेरच्या डिस्कवर टाकावे आणि इंटरनेटची कामे त्यावर करावीत.

यात धोका एकच, पण मोठा आहे. संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. लिनक्स बाहेरच्या डिस्कवर टाकले तरी हा बूट लोडर पुष्कळदा आतल्या डिस्कवर जाऊन बसतो. मग बाहेरची डिस्क काढली की संगणक अडतो. किल्ली दुकानात आणि कुलूप गोदामाला, असा प्रकार होतो.

त्यासाठी क्रम असा ठेवावा :

१. हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती उघडून पाहावी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

२. लिनक्ससाठी ६४ जीबी किंवा मोठी रिकामी एसएसडी घ्यावी. तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. इन्स्टॉलरसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह वेगळा लागतो.

३. संगणक बंद करून, वीज काढून, आतल्या डिस्कची वायर सोडवावी. लॅपटॉप असल्यास हे काम कारागिराकडून करून घ्यावे.

४. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. आधी न बसवता चालवून प्रिंटर व वाय-फाय तपासावे.

५. बसवताना डिस्क नावावरून नव्हे, आकारावरून ओळखावी.

काम झाल्यावर संगणक बंद करून बाहेरची डिस्क काढावी, आतली जोडावी आणि विंडोज पूर्वीसारखे उघडते का ते पाहावे. ते उघडले तरच काम पूर्ण झाले असे समजून कारागिराची मजुरी द्यावी.