एक माणूस, दोन दुखणीं

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणारा रस्ता अवघ्या कांहीं कोसांचा आहे. त्या रस्त्यानें बापूकुटीच्या दर्शनास जाणारे लोक पुष्कळ असतात. आणि त्याच रस्त्यानें, परंतु मान खालीं घालून, तेथील कस्तुरबा रुग्णालयाकडे जाणारीं कुटुंबेंहि असतात. पहिल्या प्रवाशांविषयीं आजवर विपुल लिहिलें गेलें आहे. दुसऱ्यांविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवसांपासून होतें. कारण एके काळीं आम्हीहि तशाच एका रस्त्यानें, तशीच मान खालीं घालून गेलों होतों.

वर्धा जिल्ह्यांत १९७४ सालापासून दारूबंदी आहे. गांधीजी १९३४ सालीं वर्ध्यास आले, १९३६ सालीं शेगांवीं राहावयास गेले व १९४० सालीं त्या गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें. त्यांच्या विधायक कार्यक्रमांत दारूबंदीस मोठें स्थान होतें; तेव्हां ही बंदी त्या भूमीस शोभणारीच म्हटली पाहिजे. परंतु कायद्यानें दुकान बंद होतें, तृष्णा बंद होत नाहीं. मोहाच्या फुलांची हातभट्टी रानांत पेटतच असते, जिल्ह्याबाहेरून बाटल्या चोरून येतात, आणि खऱ्र्याची पुडी तर शाळकरी मुलाच्या खिशांतहि सांपडते. असें म्हणण्यांत कायद्याची निंदा नाहीं. कायदा निरोगी माणसास मोहापासून दूर ठेवूं शकेल. जो आधींच आजारी आहे त्याला मात्र वैद्यच पाहिजे.

"आमच्यासारख्यांच्या घरांत असलें कांहीं नसतें," असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हीहि तसेंच म्हणत होतों. आमचे एक चुलतबंधु सुशिक्षित, नोकरी चांगली, स्वभावानें अबोल. त्यांना रात्र रात्र झोंप येत नसे, जीव घाबरा होई, कशांत मन लागत नसे. हें कोणापाशीं बोलावें तर "पुरुषासारखा पुरुष, आणि घाबरतो कसला?" असा प्रश्न यावयाचा. कोणीतरी मित्रानें पेल्यांतला उपाय दाखविला. पहिले कांहीं महिने त्यांना खरोखरच झोंप लागली. पुढें पेला वाढला, झोंप मात्र पुन्हां गेली.

घरांत कळल्यावर आम्हीं काय केलें? काकूंनीं उपास धरले. वडील मंडळींनीं देवापुढें शपथ घेवविली. ती मोडली तेव्हां आम्हीं त्यांना खोटारडे ठरविलें. मग एका जाहिरातींतील पुडी मागवून त्यांच्या नकळत आमटींत घातली. तें उघडकीस आलें त्या दिवसापासून ते घरचें अन्न संशयानें पाहूं लागले. अखेरीस आम्हीं त्यांना माडीवरच्या खोलींत कोंडलें. दुसऱ्या दिवशीं हातपाय थरथरूं लागले. तिसऱ्या रात्रीं ते भिंतीवर मुंग्या दाखवूं लागले व स्वतःच्या आईला ओळखीनात. तेव्हां कुठें, लाज बाजूस सारून, आम्हीं त्यांना रुग्णालयांत नेलें.

डॉक्टरांनीं तेथें जें सांगितलें तें प्रत्येक घरांत ठाऊक असलें पाहिजे. वर्षानुवर्षें रोज मद्य घेणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीस तोल देण्यासाठीं स्वतःस सतत चेतवीत राहतो. मद्य एकाएकीं तुटलें कीं गुंगी जाते व चेतवणी तेवढी उरते. मग घाम, कंप व निद्रानाश होतो. पहिल्या दोन दिवसांत फेंफऱ्यासारखे झटके येऊं शकतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कांहीं रोग्यांस भ्रम होतो. हा भ्रम उपचाराविना जीवावर बेतूं शकतो. ही भूतबाधा नव्हे किंवा सोंगहि नव्हे. यावर कांहीं दिवस मोजून दिलेलीं शामक औषधें व थायामीन हें जीवनसत्त्व देऊन, जवळ जागता पहारा ठेवून रोग्यास पार नेतां येतें. म्हणून फार दिवसांची दारू सोडवावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. खोलींत कोंडून कधींहि नव्हे.

चोरून दिलेल्या पुडीविषयींहि आम्हांस चांगलीच समज मिळाली. डायसल्फिरॅम नांवाच्या औषधाचा मद्याविरुद्ध उपयोग १९४८ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं पुढें आणला. तें घेतलेल्या माणसानें मद्य घेतल्यास चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खालीं जातो; क्वचित् प्राणहि जातो. तें रोग्याच्या पूर्ण माहितीनें व संमतीनेंच द्यावयाचें असतें. ज्यांत काय आहे हें आपणांस ठाऊक नाहीं अशी पुडी अन्नांत कालविणें हा विषप्रयोगच होय, मग तो कितीहि प्रेमानें केलेला असो.

बंधु घरीं आले. महिना लोटला; थेंबहि घेतला नाहीं. घरांत पेढे वाटले गेले. परंतु ते खिडकीशीं बसत, जेवण अर्धें टाकीत, आणि एके दिवशीं सहज म्हणाले, "मी नसलों तर बरें होईल." येथें आम्हांला दुसऱ्या दुखण्याची ओळख झाली. वास्तविक तेंच पहिलें होतें. दारू त्याच्या मागून आली होती.

व्यसन व मनोविकार यांचें नातें दुहेरी आहे. कधीं उदासी, चिंता किंवा जुना आघात माणसाला पेल्याकडे नेतो; कधीं पेल्यामुळेंच उदासी जडते. कोणतें आधीं हें नशेंत ओळखूं येत नाहीं. मद्यानें आलेली उदासी मद्य सुटल्यावर बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरूं लागते. त्यानंतरहि ती राहिली, अथवा व्यसनापूर्वींच ती होती असें घरच्यांनीं सांगितलें, तर तिच्यावर स्वतंत्र उपचार करावा लागतो. पण मरणाची भाषा जेथें आहे तेथें आठवडे मोजीत बसावयाचें नसतें. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. "आधीं दारू सोड, मग मनाचें पाहूं" हें म्हणणें एका पायाचें हाड जुळेपर्यंत दुसऱ्याकडे न पाहण्यासारखें आहे. दोन्ही उपचार एकत्र, शक्य तर एकाच वैद्याच्या नजरेखालीं चालावे, हेंच आज शास्त्र सांगतें. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंहि मद्य व अंमली पदार्थांच्या सेवनांतून उद्भवणाऱ्या मनोविकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येंत केला आहे.

महाराष्ट्रांत ही दृष्टि रुजविणाऱ्यांत डॉ. अनिता अवचट यांचें नांव आदरानें घ्यावें लागेल. त्या पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पति डॉ. अनिल अवचट यांनीं गर्दच्या व्यसनावर केलेल्या लेखनानें समाज हादरला, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं साहाय्य देऊं केलें. आणि १९८६ सालीं त्याच रुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' उघडलें. व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रोगी आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचें कुटुंबहि आजारी पडलेलें असतें, हें तेथें गृहीत धरलें गेलें. म्हणून रोग्यांच्या पत्नींसाठीं निराळा गट चालविण्यांत आला. अनिताबाई १९९७ सालीं कर्करोगानें गेल्या. कार्य मात्र चालूं राहिलें. त्याहिपूर्वीं, १९३५ सालीं, अमेरिकेंत दोन मद्यासक्त गृहस्थांनीं एकमेकांस आधार देत जी संघटना सुरू केली, तिच्या सभा आज आपल्याकडेहि भरतात. तेथें आडनांव विचारीत नाहींत, ही गोष्ट प्रतिष्ठेस जपणाऱ्या घरांनीं ध्यानांत ठेवावी.

कोणी म्हणेल, चांगल्या संस्कारांच्या घरांत हें कसें घडावें? त्यास सेवाग्रामच्याच इतिहासांत उत्तर आहे. गांधीजींचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांची पत्नी १९१८ च्या साथींत गेली. त्यानंतर ते मद्यांत अधिकाधिक बुडत गेले. पित्याचीं पत्रें व मातेचे अश्रु त्यांना परत आणूं शकले नाहींत. गांधीजींच्या हत्येनंतर पांच महिन्यांच्या आंत, जून १९४८ मध्यें, मुंबईच्या एका रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. ज्या घरांतून देशास दारूबंदीचा उपदेश गेला त्या घरासहि हें दुःख चुकलें नाहीं. तेव्हां आपण लाज कशाची धरावी? उपचार न करण्याची धरावी, आजाराची नव्हे.

लाजेची किंमत किती पडते तें पाहा. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत मद्यावर अवलंबून असणाऱ्या अडतीस जणांपैकीं अवघ्या एकानें कांहीं उपचार मिळाल्याचें सांगितलें. वर्धा हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेला जिल्हा; तेथें सरकारनें २०१५ पासून 'प्रेरणा' प्रकल्पाखालीं समुपदेशनाची सोय केली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. आणि १४४१६ या दूरध्वनि क्रमांकावर २०२२ पासून देशांत कोठूनहि मनाच्या दुखण्याविषयीं विनामूल्य बोलतां येतें.

एकत्र कुटुंब या आजारांत बेडी होऊं शकतें आणि काठीहि. दहा तोंडांनीं दहा उपदेश करण्यापेक्षां एका समंजस व्यक्तीनें रोग्याबरोबर दवाखान्यांत जावें. कर्ज फेडून किंवा कचेरींत खोटें निमित्त सांगून व्यसनास पाठीशीं घालूं नये. पण चारचौघांत अपमानहि करूं नये. सुनेच्या माथीं "तुझ्या पायगुणानें" असा दोष मारूं नये; तिचीहि झोंप उडालेली असते. मनाच्या गोळ्यांस "हें दुसरें व्यसन" म्हणून त्या बंद करावयास लावूं नये. कोणत्या किती दिवस घ्यावयाच्या तें डॉक्टर ठरवितात, आणि एकाएकीं बंद केल्यास दुखणें उलटतें. पुन्हां एकदां पाऊल घसरलें तर "सर्व फुकट गेलें" असें न मानतां त्याच आठवड्यांत पुन्हां उपचारास न्यावें. मधुमेह्यानें श्रीखंड खाल्लें म्हणून आपण त्याला घराबाहेर काढीत नाहीं.

आमचे बंधु मध्यें एकदां घसरले. त्या वेळीं मात्र आम्हीं कोंडलें नाहीं, बरोबर गेलों. त्यास आतां सहा वर्षें झालीं. वाईट दिवस अजूनहि येतात, पण आतां ते सांगतात, आणि आम्ही ऐकतों. पूर्वीं कपाटांत कपड्यांखालीं लपविलेली त्यांच्या गोळ्यांची डबी आतां माजघराच्या कोनाड्यांत, काकूंच्या रक्तदाबाच्या औषधाशेजारीं उघडी असते. रात्रीं जेवणें झालीं कीं काकूच विचारतात, "घेतलीस का रे?" आणि मग स्वतःची गोळी घेतात.