कृष्णाकाठी घर घेताना

सातारा, प्रतिनिधी : कृष्णेचे घाट, जुनी देवळे आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय यांमुळे वाईची ख्याती आहे. येथे राहून शहरात नोकरी करता येईल का, हा प्रश्न शांततेच्या शोधात असलेल्या नोकरदारांना साहजिकच पडतो. सातारा सुमारे ३५ किलोमीटरवर असल्याने रोजचे जाणे-येणे शक्य आहे. सुमारे ९० किलोमीटरवरील पुण्याचा रोजचा प्रवास मात्र दमवणारा ठरतो. वाईला रेल्वे स्थानक नसल्याने सारी भिस्त एसटीवर किंवा स्वतःच्या वाहनावरच राहते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न घराच्या जागेचा आहे. रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपती मंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा दुभंगून जावा, हा त्यामागील हेतू. आज नदीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. तरीही पुराचा विचार टाळता येत नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दर्शवते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असून दोन्ही रेषांमधील पट्ट्यात त्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे खिडकीतून नदी दिसते म्हणून हुरळून न जाता, इसार देण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहणे इष्ट.