शंभर मायक्रोसेकंदांची भूक

भाच्याचा कॉम्प्युटर नेमका रंगात आल्यावर बंद पडायचा. सिनेमा, कॉलेजचं काम, काहीही करा, तक्रार नाही. पण गेममधली गाडी घाट उतरून शहरात शिरली आणि पाऊस, दिवे, गर्दी सगळं एकदम समोर आलं, की कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून बारीक 'टक्' असा आवाज यायचा आणि स्क्रीन काळी. मी प्लगला वॉटमीटर लावून पाहिलं. आकडा ३४४च्या वर गेला नाही.

"मामा, याच्यावर तर ५०० लिहिलंय. मग साडेतीनशेच्या आतच दम कसा लागतो?"

अर्धं उत्तर एसएमपीएसच्या कुशीवर चिकटवलेल्या तक्त्यात होतं. १२ व्होल्टच्या खाली लिहिलं होतं २६ अँपिअर. गुणाकार केला तर ३१२ वॉट. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांतून गोळा करून ५००ची बेरीज जुळवलेली. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याचा सप्लाय होता ६३.५ वॉटचा, म्हणजे साठच्या पिवळ्या बल्बपेक्षा जरासा जास्त. त्या काळच्या चिप्स ५ व्होल्टवर चालत. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टमधूनच घेतात. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याआधी तो एक रकाना वाचावा.

भाच्याकडे आरटीएक्स ४०७० कार्ड आहे, २०० वॉटचं. १२ व्होल्टवर २०० वॉट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. बाथरूममधला २००० वॉटचा गीझर भिंतीतून ९ अँपिअरसुद्धा घेत नाही! कार्डावर पोचल्यावर तर हाच व्होल्टेज आणखी उतरवून एक व्होल्टच्या आसपास आणतात, आणि मग नखाएवढ्या जाड चिपमध्ये दीडशे अँपिअरच्या घरातला प्रवाह शिरतो. खिडकीची ग्रिल जोडणारा वेल्डर साधारण शंभर अँपिअरवर लोखंड वितळवतो. इथे त्याहून जास्त प्रवाहावर पावसाचे थेंब रंगवले जातात.

खरं नवल पुढे आहे. त्या चिपमध्ये ३,५८० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि ते एकसारखे राबत नाहीत. सेकंदाला १४४ चित्रं काढायची तर प्रत्येकाला ७ मिलिसेकंद मिळतात. चित्र सुरू झालं की सगळे एकदम कामाला लागतात, संपलं की क्षणभर थांबतात. त्यामुळे विजेची मागणी सपाट नसते, ती उसळ्या मारते. कार्डावरचा २०० हा आकडा सरासरीचा. एखादी उसळी त्याच्या बरीच वर जाऊन परत येते. २०२० साली आरटीएक्स ३०९० हे ३५० वॉटचं कार्ड आलं, तेव्हा त्याच्या उसळ्या पाचशेच्याही पुढे जाताना मोजल्या गेल्या आणि भल्याभल्या एसएमपीएसनी मान टाकली. त्यांच्यातलं संरक्षक सर्किट त्या उसळीला शॉर्टसर्किट समजून सप्लाय तोडत होतं. २०२२ साली इंटेलने एटीएक्स ३.० हे मानक आणलं आणि त्यात मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा असं घातलं. शंभर मायक्रोसेकंदांत टाळीचा आवाज साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो! एका सेकंदात असे दहा हजार क्षण मावतात. माझ्या मीटरला ते दिसणार तरी कसे?

ही भूक भागवायला एसएमपीएसच्या पोटात शिदोरी असते. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आत आल्यावर चांगल्या सप्लायमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास चढवून एका जाडजूड कपॅसिटरमध्ये भरून ठेवतात, आणि तिथून सेकंदाला लाखभर वेळा स्विच उघडझाप करत ती थोडी थोडी पुढे सोडतात. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात ३८ ज्यूल मावतात. किलोभर वजन पावणेचार मीटर उचलायला एवढी ऊर्जा पुरते. वीज गेल्यावर यूपीएस जागा होईपर्यंतचे काही मिलिसेकंद कॉम्प्युटर याच शिदोरीवर काढतो. (म्हणूनच एसएमपीएस कधीही घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही ती शिदोरी आत असू शकते.)

मग वॉट किती घ्यायचे? भाच्याचा हिशेब असा: कार्ड २००, रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नाससाठ. साडेतीनशेच्या आत. एनव्हिडिया कंपनी या कार्डासाठी ६५० वॉटचा सप्लाय सुचवते, आणि मला ते पटतं. उसळ्यांना जागा राहते, पंखा शांत फिरतो, आणि निम्म्या भारावर एसएमपीएस सर्वात कमी वीज वाया घालवतो. त्याहून फार वर जाण्यात अर्थ नाही. बाराशेचा घेतला तर नुसतं ब्राउझर उघडं असताना तो क्षमतेच्या जेमतेम पाच टक्क्यांवर चालेल, आणि तिथे बहुतेक सप्लायची कार्यक्षमता घसरते. यूपीएसचा हिशेब मात्र वेगळा करावा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो.

"पण साडेसहाशेचा घेतला तर लाइट बिल वाढेल ना?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. मी नाही म्हटलं. कॉम्प्युटर मागेल तेवढीच वीज तो घेणार. तिचा विश्वास बसला नाही.

नवा सप्लाय बसवला. तक्त्यात १२ व्होल्टसमोर ५४ अँपिअर. भाच्याने तोच घाट उतरवला, तेच शहर आलं, तोच पाऊस. 'टक्' झालं नाही. ताई हात पुसत मीटरपाशी येऊन वाकली. आकडा ३२२ होता.