सरकारी यंत्रणेमुळे झालेली इजा आणि भरपाईचा हक्क

सरकारी यंत्रणेच्या निष्काळजीपणामुळे नागरिकास इजा झाल्यास सरकारवर दावा लावता येतो काय, या प्रश्नाचे भारतातील उत्तर एका घोड्यापासून सुरू होते. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजुरांच्या हातून लोखंडाचा जड तुकडा खाली पडला. त्या आवाजाने बग्गीचा घोडा बुजला व जखमी झाला. १८६१ मध्ये तेथील न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले, परंतु सार्वभौम कार्ये आणि खाजगी व्यक्तीही करू शकेल अशी कार्ये यांत भेद केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० मुळे तो भेद स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला.

उदयपूर येथे जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परतत असता एका पादचाऱ्याचा बळी गेला. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राजस्थान सरकारला जबाबदार ठरविले. पुढे न्यायालयांनी सार्वभौमत्वाची सबब बरीच आक्रसत आणली. विधी आयोगाने तर १९५६ मधील आपल्या पहिल्याच अहवालात यासंबंधी स्वतंत्र कायदा सुचविला होता. साठच्या दशकात विधेयके आली, पण कायदा झाला नाही.

परिणामी, उघड्या गटारात पडून पाय मोडलेल्या मजुराला आजही सर्वसाधारण दिवाणी मार्गच धरावा लागतो. सरकारविरुद्धच्या दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० अन्वये दोन महिन्यांची नोटीस, त्यानंतर निष्काळजीपणाचा पुरावा. देखभालीच्या नोंदी मात्र त्याच खात्याच्या कपाटात असतात! औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी तत्काळ अंगावर येते, भरपाई मिळालीच तर फार उशिरा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, सार्वजनिक सेवेतील जोखीम येथे ती पेलण्यास सर्वांत असमर्थ असलेल्या कुटुंबावर ढकलली जाते. विजेच्या बाबतीत स्थिती बरी आहे. तुटून पडलेल्या जिवंत तारेमुळे झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निष्काळजीपणा सिद्ध न होताही वीज मंडळ जबाबदार असल्याचे सांगितले.

रेल्वेसाठी मात्र संसदेने स्वतंत्र व्यवस्था निर्माण केली आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १२४-अ नुसार प्रवासी गाडीतून पडून जखमी वा मृत झाल्यास रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेडाच्या भरातील कृत्य आणि नैसर्गिक आजार हे अपवाद होत. गर्दीच्या गाडीत चढता-उतरताना पडणे हे यात येते. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसणे येत नाही. मुंबईच्या उपनगरी प्रवाशांनी हा फरक विशेष लक्षात घ्यावा.

अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत करावयाचा असतो. विलंबास पुरेसे कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. वारसांनी प्रवासासंबंधी शपथपत्र दिल्यावर ते खोडून काढण्याचा भार रेल्वेवर येतो. म्हणून पंचनामा, स्टेशन मास्तरांचा मेमो आणि रुग्णालयाची कागदपत्रे यांच्या प्रती कुटुंबाने लगेच मिळवून ठेवाव्यात.

या व्यवस्थेतील उणीव रकमेची आहे. मृत्यूसाठी १९९७ मध्ये ठरलेले चार लाख रुपये २०१६ अखेरपर्यंत तसेच राहिले आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाले. मधल्या काळात धान्य, घरभाडे, शाळेची फी सारेच वाढत गेले. रक्कम किंमत निर्देशांकाशी जोडली असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. २०१८ च्या त्याच निकालाने थोडा दिलासा दिला आहे: अपघाताच्या दिवशीची रक्कम व्याजासह आणि निवाड्याच्या दिवशीची रक्कम, यांपैकी जी अधिक असेल ती दावेदारास मिळते.